बघू, इकडे दे

मंडईच्या थांब्यावर बसमध्ये चढले तेव्हा माझ्या हातात बुरूड आळीतून नुकतीच घेतलेली रोवळी होती. पिशवीत मावत नव्हती, म्हणून पोटाशी धरली होती. शेजारी बसलेल्या बाईंनी खिडकीबाहेरची नजर आत वळवली, रोवळीकडे पाहिलं आणि काही न बोलता हात पुढे केला. मीही काही न बोलता ती त्यांच्याकडे दिली. त्यांनी ती उलटी केली, बुडाची वीण अंगठ्यानं दाबून पाहिली, काठाच्या पट्टीवरून सावकाश बोट फिरवलं, कुठे कुसळ राहिलेलं नाही ना याची खात्री केली. "ओली आहे अजून. उन्हात ठेवू नका, सावलीत वाळवा. उन्हात ताणली जाते," एवढं बोलून त्यांनी रोवळी परत दिली आणि पुढच्या एका थांब्यावर त्या उतरूनही गेल्या.

नवी वस्तू घेऊन रस्त्यानं जाणारं माणूस तेवढ्यापुरतं सगळ्यांच्या ओळखीचं होतं. भाजीच्या पिशवीत कुणी डोकावत नाही, किराण्याच्या पुड्यांना कुणी हात लावत नाही. पण हातात सूप असलं, माठ असला, दिवाळीच्या आधीच्या गर्दीत एखादी शिंदीची केरसुणी असली की अनोळखी बायकासुद्धा थांबवतात. "कुठे मिळाली हो?" असं विचारतात. उत्तर ऐकायच्या आधीच त्यांचा हात त्या वस्तूवर गेलेला असतो. लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लावायची ती केरसुणी, ती चार अनोळखी हातांनी आधी चाचपली म्हणून कुणाला काही वाटत नाही. उलट बरं वाटतं.

त्या बसमधल्या बाईंना रोवळी कशी बघायची हे कुणी शिकवलं असेल, याचा मी घरी येईपर्यंत विचार करत राहिले. असल्या गोष्टी कुणी समोर बसवून शिकवत नाही. शेजारच्या घरात नवं काही आलं, आई ते बघायला गेली, आपण तिच्या पदराला धरून मागे उभे राहिलो आणि तिचे हात काय करतात ते पाहत राहिलो, की ते अंगात उतरतं. म्हणजे बघण्याचं हे शिक्षण दुसऱ्याच्या खरेदीवर होतं. माठाला बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. खणखणला तर भाजणी नीट झालेली, बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे. तवा फरशीवर ठेवून डोलतो का ते पाहायचं. सूप रिकामंच दोनदा पाखडून पाहायचं, हाताला त्याचा तोल कळतो. कुंडी उलटी करायची आणि बुडाचं भोक करंगळी जाण्याएवढं आहे ना ते बघायचं. रोपाचं पानही उलटंच करून बघायचं, कारण मावा आणि पिठ्या ढेकूण नेहमी पानाच्या पाठीला लपतात. पिशवीच्या तळातून मुळ्या बाहेर आल्या असतील तर रोप त्या पिशवीत फार दिवस अडकून पडलेलं आहे. वस्तू काय आणि झाड काय, खरं ते बुडाशी असतं आणि ते बघायला दुसऱ्याचे डोळे जास्त उपयोगी पडतात. आपण घेताना रंगावर, घाटावर भुललेलो असतो.

मग येतो तो प्रश्न. केवढ्याला घेतलं? आताच्या शिष्टाचारात हा प्रश्न बसत नाही. माझी मुलं तो विचारत नाहीत आणि मी विचारला तर त्यांना अवघडल्यासारखं होतं. पण मला तो प्रश्न मनापासून आवडतो. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात किंमत हे गोष्टीचं दार होतं. आई कधी नुसता आकडा सांगत नसे. आधी दुकानदारानं काय सांगितलं, मग आपण काय म्हटलं, मग आपण चार पावलं पुढे गेलो, मग त्यानं "ताई, या" म्हणून कसं परत बोलावलं, आणि इतक्यात तुळशीबागेतल्या रामाच्या देवळात घंटा वाजली, हे सगळं आलं की शेवटी आकडा. ऐकणारी म्हणायची, "बरं पडलं." किंवा म्हणायची, "दोन रुपये जास्तच गेले, पण जाड आहे हो, टिकेल." दोन्ही उत्तरांनी आईचं समाधान व्हायचं. तिच्या त्या तासाभराच्या पायपिटीला कुणीतरी साक्षी झालेलं असायचं.

वाड्यात वरच्या मजल्यावर पहिल्यांदा सुमीतचा मिक्सर आला तो दिवस मला आठवतो. बायका आपापलं वाटण घेऊनच वर गेल्या. कुणाचं ओलं खोबरं आणि मिरच्या, कुणाचे भाजलेले शेंगदाणे, कुणाची भिजवलेली उडदाची डाळ. त्या घरच्या वहिनींनी एकेकीचं भांडं भरून, झाकण तळहातानं दाबून, सगळ्यांचं वाटून दिलं. आजी वर गेली नाही. पाट्याची चव येत नाही, हे तिनं खालूनच सांगून टाकलं. आठवड्यानं तिनं माझ्याच हाती वाटीभर भिजवलेली डाळ वर पाठवली. कुकर आला तेव्हा शिट्टी होईपर्यंत सगळ्या दारात उभ्या होत्या, आत कुणी पाऊल टाकेना. फ्रीज आला त्या उन्हाळ्यात वाड्यातल्या प्रत्येक घरी पन्ह्यात बर्फ पडला. वस्तू एका घराची असे, पण तिच्या येण्याचा सोहळा साऱ्या वाड्याचा असे. तिची भीती आणि तिचं नवल वाटून घेतलं जाई. मला वाटतं, पैसे मोजल्यानं वस्तू घरात येते खरी, पण चार हातांतून फिरून परत आल्याखेरीज ती घरची होत नाही.

कसब्यातल्या तांबट आळीत अजूनही गेलं की ठोक्यांचा आवाज कानावर येतो. तांब्याच्या पत्र्याला आकार आला की त्यावर हातोडीनं एकसारखे, एकमेकांना चिकटलेले ठोके घालत जातात, त्याला मठारणं म्हणतात. त्या ठोक्यांनी भांड्यावर खवल्यांसारखी चमक येते, हे दिसतं. न दिसणारी गोष्ट अशी की मऊ तांबं त्या माराने कठीण होतं, भांड्याला सहज पोचे पडत नाहीत. पेशव्यांच्या काळापासून इथे हे काम चाललेलं आहे. बंब, हंडे, घागरी. बंब आता फारसा कुणी घेत नाही, पण पाण्याचा तांब्या, पिंप, झाकणाचा गडू यांना पुन्हा गिऱ्हाईक आलं आहे. मी मागच्या महिन्यात तिथून एक मठारलेला गडू आणला. दुकानात बाजूला मशीनवर केलेलेही होते, गुळगुळीत, किमतीला कमी. मी हाताचा घेतला, कारण त्या प्रत्येक ठोक्यामागे कुणीतरी मान खाली घालून बसलेलं होतं, आणि ते मला रोज पाणी ओतताना बोटांना कळावं असं वाटलं.

आमच्याकडे पूर्वी भांडं घेतलं की त्याच दुकानाच्या पायरीवर त्यावर नाव घालून घ्यायचे. बारीक छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन माणूस बसलेला असे. अक्षरामागे पैसे. म्हणून नाव, आडनाव, गाव आणि तारीख यांतलं काय ठेवायचं, काय गाळायचं, याचा तिथेच उभ्या उभ्या विचार व्हायचा. लग्नातल्या भांड्यावर मात्र काही गाळत नसत. 'यांजकडून सप्रेम भेट' हे सगळं अक्षरन् अक्षर यायचं. माझ्याकडे एक पितळी डबा आहे. त्यावर आत्याचं माहेरचं नाव आहे, साल आहे, आणि ज्यांनी तो दिला त्यांचं नाव आहे. ती माणसं कोण, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. तरी डबा घासताना त्या नावावरून बोट जातं. कुणीतरी तो डबा निवडला होता, बूड बघितलं होतं, घरी आणून चार जणींना दाखवला होता, आणि मग लग्नात नेऊन दिला होता. कल्हईला भांडी द्यायची तेव्हा सगळ्या घरांची एकत्र पडत. भट्टीवर भांडं तापायचं, नवसागराची पूड पडली की पांढरा धूर उठायचा, कथिलाची कांडी टेकवून कल्हईवाला कापसाच्या बोळ्यानं एका फिरकीत आतून चांदी केल्यासारखं करायचा. मग त्या सारख्याच चकचकणाऱ्या ढिगातून आपलं कुठलं हे बुडावरच्या किंवा काठावरच्या नावानंच ओळखायचं.

बोहारीण यायची ती दुपारी, पुरुष बाहेर असताना. डोक्यावर पाटी, त्यात स्टीलची भांडी, खांद्यावर जुन्या कपड्यांचं गाठोडं. तिच्या गुजराती वळणाच्या मराठीनं अंगण भरून जायचं. एका घरानं तिला बसवलं की चार घरं जमायची. कुणाची जरीची फाटकी साडी, कुणाच्या नवऱ्याची झिजलेली विजार. जिची खरेदी तिच्याइतकाच बाकीच्यांचाही त्यात जीव. "एवढ्याला हा डबा? त्या साडीची जरच केवढ्याची आहे!" असं म्हणायला शेजारीण लागायची. स्वतःसाठी माणूस तेवढं भांडू शकत नाही. संध्याकाळी तो डबा परत सगळ्या घरांत फिरून यायचा, ज्यांनी भाव करताना पाहिला होता त्यांच्याकडेसुद्धा.

दाखवण्याला एक दुसरी बाजू आहे, आणि ती मला मावशीकडे कळली. मावशी लालबागला चाळीत राहायची. लांबलचक गॅलरी, एका ओळीत खोल्या, आणि बहुतेक घरांतली माणसं गिरणीत. कुणी काही आणलं की जिन्यापासून खोलीपर्यंत ते सगळ्यांच्या दारांवरून येई. 1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार त्यात होते. त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गेलो तेव्हा गॅलरी तीच होती, माणसं तीच होती, पण त्या गॅलरीतून नवं काही येत नव्हतं. मावशीच्या फळीवरचे पितळेचे डबे कमी झाले होते. आईनं ते पाहिलं आणि काही विचारलं नाही. येणारी वस्तू दिवसाउजेडी येते आणि जाणारी रात्री, पिशवीत झाकून जाते. आई पुण्याहून मावशीसाठी एक नवं पातेलं घेऊन गेली होती. ते तिनं पिशवीतून काढलंच नाही. निघायच्या दिवशी, गॅलरीत कुणी नसताना, ओट्याखाली ठेवून दिलं. परत येताना गाडीत ती म्हणाली, दाखवायच्या आधी समोरच्याच्या फळीकडे बघावं. तिनं हे मला उद्देशून म्हटलं की स्वतःशी, ते मला कळलं नाही. पण त्यानंतर घरात काही नवं आलं की मला आधी फळ्या आठवतात.

काही घरांत दाखवायचंच नाही असा रिवाज असतो. दृष्ट लागते म्हणतात. मला त्यात अर्थ दिसतो तो असा, की बघणाऱ्याच्या मनात कळ उठू शकते हे कुणीतरी फार पूर्वी ओळखलं होतं. त्यावरचा आमच्याकडचा उपाय झाकण्याचा नव्हता, देण्याचा होता. नव्या पातेल्यात पहिल्यांदा गोड काहीतरी करायचं आणि वाटीवाटीनं घरोघर पाठवायचं. वाटी परत येताना रिकामी येत नाही, निदान चिमूटभर साखर तरी तिच्यात असते.

शुक्रवार पेठेत राजा केळकर वस्तुसंग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर म्हणजे कविता लिहिणारे 'अज्ञातवासी'. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी या संग्रहाला दिलं. तिथे तलवारी आहेत, मस्तानी महालही उभा केलेला आहे, पण माझे पाय थांबतात ते अडकित्त्यांपाशी, दिव्यांपाशी, पाय घासायच्या वज्र्यांपाशी, किसण्या आणि सोऱ्यांपाशी. घरोघर जाऊन, माणसांची मनं वळवून त्यांनी ही भांडीकुंडी गोळा केली. सुपारी कातरण्याच्या साध्या अडकित्त्याला कुणी मोराचा घाट दिला आहे, कुणी घोड्याचा. ज्यानं तो पहिल्यांदा विकत घेतला असेल त्यानं ओसरीवर बसून चार जणांपुढे नक्की धरला असेल. "बघा तर, धार कशी आहे!" त्या वस्तूंना आता काच आड आली आहे. हात लावता येत नाही, उलटं करून बूड बघता येत नाही. तरी त्या काचेपुढे उभ्या असलेल्या बायका एकमेकींना सांगत असतात, "आमच्याकडे असाच होता." हे वाक्य मी तिथे इतक्यांदा ऐकलं आहे की संग्रहालयाचा तो एक भागच आहे असं वाटतं.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत जे हळदीकुंकू चालतं त्यात खरेदी सरळ वाटूनच टाकायची असते. वाण लुटायचं. चाळण्या, वाट्या, चमचे, छोट्या बरण्या, डझनावारी आणायच्या आणि येईल तिच्या हातावर ठेवायच्या. माझ्या स्वयंपाकघरात अशा कितीतरी घरांच्या वस्तू आहेत. चहाची गाळणी एका घरची, मिठाची चमची दुसऱ्या घरची. अलीकडे काही जणी वाण म्हणून रोप देतात. तुळशीचं, गवती चहाचं, कोरफडीचं. मला हे वाण सगळ्यांत आवडलं. गाळणी जशी दिली तशीच राहते. रोप पुढच्या संक्रांतीपर्यंत दुसऱ्या कुणाला देता येण्याएवढं झालेलं असतं.

झाडांची खरेदी हा तर माझा हळवा कोपरा. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं. तिथून बाहेर पडणारी माणसं बघत मी फाटकाशी उभी राहते. स्कूटरवर मागे बसलेली बाई दोन्ही हातांनी बोगनवेल धरून असते, तिचा चेहरा फुलांआड गेलेला. एखादे आजोबा जर्बेऱ्याची पिशवी छातीशी घेऊन रिक्षात चढतात आणि रिक्षावाला मागे वळून विचारतो, "हे उन्हात चालतं का?" त्या एका प्रश्नानं घरापर्यंतचा रस्ता सरतो.

पण भांडं घेणं आणि रोप घेणं यांत मोठा फरक आहे. भांड्याचा व्यवहार दुकानात संपतो, रोपाचा तिथे सुरू होतो. सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या बाजूला रोपवाटिकांची रांगच आहे. तिथे जाळीच्या सावलीत, सकाळ-संध्याकाळ पाण्यात वाढलेलं गुलाबाचं रोप आपल्या गच्चीवर येतं आणि चार दिवसांत पानं टाकतं. नवीन माणूस घाबरतं. जाणती शेजारीण येते, माती बोटानं उकरून बघते, म्हणते, "काही होत नाही. लगेच कुंडी बदलू नको. आठवडाभर अर्ध्या सावलीत ठेव." मग बुडाशी खापराचा तुकडा, त्यावर पालापाचोळा, लाल माती, शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, असं तिच्या देखरेखीखाली भरणं होतं. महिन्या-दीड महिन्यानं लालसर फूट दिसते. तेव्हा कुठे खरेदी पुरी होते, आणि तेव्हा पुन्हा तिला बोलवायचं असतं.

आमच्या गच्चीवर येणाऱ्या बायकांचा एक अलिखित नेम आहे. विकत आणलेलं पहिल्यांदा फुललं की दाखवायचं आणि वाढलं की वाटायचं. सोनटक्क्याचे कंद पावसाळ्याच्या तोंडाशी दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांतून घरोघर जातात. काळ्या देठाचा अळू, पानओवा, पुदिना यांच्यासाठी कुणी दुकानात जाणं म्हणजे शेजाराला कमीपणा. कढीपत्त्याच्या बुडाशी आलेली पिलं कुणाला द्यायची हे आधीच ठरलेलं असतं. मनीप्लांट मात्र चोरूनच लावावा म्हणतात, विकत घेतलेला लाभत नाही. पॅसिफिक महासागरातल्या बेटावरून आलेला हा वेल आपल्या जिन्याजिन्यांतून पसरला तो या समजुतीच्या जोरावर. खिडकीबाहेर आलेली त्याची फांदी खुडताना कुणी दिसलंच तर घरमालकीण हळूच आत सरकते. तेही एक देणंच.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या घरी गावठी वाणांचं बियाणं साठवलेलं आहे, वाल, भात, भाज्या. शाळेत न गेलेल्या या बाईंना प्रत्येक बी कुठलं, केव्हा पेरायचं, त्याची चव कशी, हे तोंडपाठ आहे आणि आल्यागेल्याला त्या ते ओंजळीत घेऊन दाखवतात. त्यांच्याकडे बघताना मला सारखं वाटतं की दाखवणं आणि देणं यांच्यामध्ये जी रेघ आपण मारतो ती त्यांच्या हातात नाहीच. बियाणं दाखवायला ओंजळ पुढे करावी लागते, आणि पुढे केलेली ओंजळ घ्यायचीच असते.

आता आमच्या सोसायटीत दिवसभर खोकी येतात. सुरक्षारक्षकाच्या टेबलाखाली त्यांचा ढीग असतो. कुठल्या घरी काय आलं ते कुणाला कळत नाही. पुठ्ठा, बुडबुड्यांचा कागद, आणि दार बंद. सोसायटीच्या ग्रुपवर कधी कुणी फोटो टाकतं. मग "लिंक पाठवा" असं चार जणी लिहितात. तेही विचारणंच आहे, मी त्याला नाव ठेवणार नाही. कितीतरी जणींना घराबाहेर पडता येत नाही, मंडईच्या जिन्यांवर चढता येत नाही, त्यांच्या दारात तवा येतो हे चांगलंच. पण फोटोला वजन नसतं. त्याला टिचकी मारता येत नाही.

म्युनिकला असलेली माझी भाची मला व्हिडिओ कॉलवर तिची खरेदी दाखवते. तिथल्या इंडियन स्टोअरमध्ये मिळालेली अळकुडी तिनं कुंडीत पुरली, तिला पानं आली, तेव्हा तिनं फोन उलटसुलट फिरवून मला देठापासून शेंड्यापर्यंत सगळं दाखवलं. हिवाळ्यात ती कुंडी आत, हीटरपासून लांब, खिडकीशी येते. मी विचारलं, "पान उलटं कर बघू." तिनं केलं. कीड नव्हती. "वड्या करशील?" "एवढी तीनच पानं आहेत गं मावशी." तिच्या शेजारच्या जर्मन आजी तो अळू पाहून विचारत होत्या, की हे नुसतं शोभेचं आहे ना? त्यांच्याकडे तो शोभेसाठी लावतात. भाचीनं त्यांना वडीचा फोटो दाखवला. त्यांनी हात पुढे केला का, असं मी विचारलं. ती हसली, म्हणाली, "पानाला हात लावू का, असं विचारून लावला."

परवा वरच्या मजल्यावरची नवी मुलगी दारात आली. लग्न होऊन वर्ष झालं असेल, नवरा-बायको दोघंही आयटीत. आजवर फक्त लिफ्टमधली ओळख. तिच्या हातात खोक्यातून नुकताच काढलेला बीडाचा तवा होता. "काकू, यावर घावन चिकटतायत. परत पाठवू का?"

"बघू, इकडे दे," मी म्हटलं.

जड होता, चांगल्या ओतकामाचा. ओट्यावर ठेवला, डोलला नाही. मी तिला सांगितलं, तवा नवा आहे, अजून मुरलेला नाही. आम्ही दोघींनी तो धुतला, विस्तवावर सुकवला, अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून त्यावर फिरवत राहिलो. धूर झाला, खिडकी उघडली, पुन्हा तेल, पुन्हा कांदा. पहिलं घावन तुटलं, दुसरं अर्धं निघालं, तिसऱ्याला कडा सुटल्या. ते आम्ही उभ्या उभ्याच चटणीशी खाल्लं. तिनं किंमत आपणहून सांगितली, कुठल्या सवलतीत मिळाला तेही. मी म्हटलं, बरा पडला.

जाताना ती गॅलरीत थबकली. तिथे ब्रह्मकमळाची कुंडी आहे. खरं ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर फुलतं, आणि आपल्या गॅलऱ्यांतलं हे मेक्सिकोकडून आलेलं निवडुंगाच्या कुळातलं झाड आहे, पण रात्री ते उमलतं तेव्हा आम्ही सगळ्या मजल्यांच्या घंटा वाजवतो. या पावसाळ्यात त्याला कळ्या धरल्या होत्या.

"हे केवढ्याला आणलंत काकू?"

मला आकडा सांगता येईना. हे कुणी विकत घेतलेलंच नाही. मला ते तळमजल्यावरच्या जोशीकाकूंनी दिलं, त्यांना त्यांच्या सांगलीच्या नणंदेनं, तिला कुठल्याशा शाळेतल्या बाईंनी, आणि त्या बाईंना कुणी, ते जोशीकाकूंना विचारायला हवं. त्या सांगतील, त्यांना अशा गोष्टी लक्षात असतात.

"मला देता येईल यातलं?"

"कळ्या उमलून जाऊ दे, मग ये. पान म्हणतो आपण, पण ती फांदीच असते. जून बघून कापायची, दोन दिवस सुकू द्यायची, मग मातीत उभी खोचायची. पाणी बेताचं."

"कुंडी कुठली आणू?"

"आणू नको इतक्यात. रविवारी जुन्या बाजारात जाणार आहोत आम्ही दोघी-तिघी. सकाळी आठला निघतो. येतेस?"